तीस वर्षं पुरी व्हायला अकरा महिने

राउशरकाकांची गाडी एकोणतीस वर्षं आणि एक महिन्याची होती. रंग शिजलेल्या मसुराचा. सुरू करताना आधी खोकायची, मग शिंकायची, मग "आता काय, चला" अशा सुरात निघायची. जर्मनीतल्या रॉइटलिंगेनजवळच्या त्या गल्लीत शेजारणी तिच्या खोकल्यावर अंडी उकडायला ठेवत, आणि गाडी कोपऱ्यावर पोचेपर्यंत अंडी तयार होत.

तीस पूर्ण झाली की जुन्या गाडीला मानाचा नंबर मिळतो, शेवटी 'एच' अक्षर असलेला. या 'एच'वर काकांनी पैज लावली होती, वरच्या मजल्यावरच्या फिस्टररांशी. जिना आणि फुटपाथ झाडायची पाळी तिथे आठवड्याआठवड्याने फिरते. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी फळी लटकते, आणि त्या फळीला चुकवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. गाडीला 'एच' मिळाला तर फिस्टरर मरेपर्यंत काकांची पाळी झाडणार. त्याआधी गाडी भंगारात गेली तर काका मरेपर्यंत दोघांची. एकतीस वर्षांचा शेजार, पण दोघं अजून अहोजाहोवर होते. पैजसुद्धा अहोजाहोतच लागली.

आणि गाडी सरकारी तपासणीत नापास झाली.

गॅरेजवाल्या नेगेलेबाईंनी गाडीखाली शिरून पत्र्याला पेचकस टोचला. तो आत गेला. बराच आत गेला.

"राउशर, हा पत्रा नाही. ही बिस्किटं आहेत."

"पण इंजिन?"

"इंजिन ठणठणीत आहे हो. ठेवायचं कशात?"

पत्र्याचं जोडकाम, ब्रेकच्या नळ्या, पुढच्या स्प्रिंगा. तीन हजार चारशे युरो.

"आणि आहे तशी विकली तर किती येतील?"

बाईंनी डोकं खाजवलं. "चारशे. टाकी भरलेली असेल तर."

घरी काकूंनी, म्हणजे इर्मट्राउटकाकूंनी, मसूर आणि श्पेट्झले, म्हणजे तिकडच्या जाड शेवया, वाढल्या आणि आकडा ऐकून पळी तशीच हवेत धरली.

"चारशेच्या गाडीला चौतीसशे?"

"पैज आहे, इर्मट्राउट."

"मग चौतीसशेत झाडायला माणूस ठेव. आपण दोघं मेलो तरी झाडत राहील."

"माणूस? पगारी? या गल्लीत?" काकांचा चेहरा असा झाला, जणू बायकोने बाथटबमध्ये मगर पाळायचं सुचवलं.

दोन आठवडे काका पाकिटांच्या पाठीवर आकडे मांडत राहिले. शेवटी त्यांनी ठरवलं की आधी हरून बघू. दोन पाळ्या कमरेला झेपल्या तर दुरुस्ती कशाला करा? शनिवारी त्यांनी वरचं दार ठोठावलं.

"अहो फिस्टरर, आजची पाळी मी करतो. सराव म्हणून."

फिस्टरर इतके खूश झाले की कॉफीचा कप घेऊन कठड्याला टेकून उभेच राहिले. हा माणूस जिन्याच्या कोपऱ्यांसाठी वेगळा दात घासायचा ब्रश ठेवणारा. आणि काकांचं तत्त्व असं, की जेवढं डोळ्याला दिसतं तेवढं झाडावं, बाकीचं देवाचं.

"कोपरा," फिस्टरर हळूच म्हणाले.

"झाडला की."

"त्याच्या शेजारून झाडलात."

काका पुढच्या पायरीवर गेले.

"अहो, तुम्ही खालून वर चाललाय! धूळ कुठे जाणार?"

"तिला हवं तिथे जाईल. मोठी आहे ती."

फिस्टररांनी कप पायरीवर ठेवून दिला. मधल्या मजल्यावर काकांनी सगळा केर एकत्र केला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पायपुसण्याची कड उचलली.

"पायपुसण्याखाली? पायपुसण्या-खाली? अरे गेबहार्टा, माणूस आहेस का तू!"

एकतीस वर्षांतलं पहिलं 'अरे', आणि तेही काकांच्या नावासकट! दोघंही नव्या नवरीसारखे लाजले.

"पैज रद्द," फिस्टरर घाम पुसत म्हणाले. "तू आयुष्यभर माझी पाळी करणार असशील, तर मला ते आयुष्यच नको. ज्याने त्याने आपली झाडावी. आण तो झाडू इकडे."

काकू दारातून ऐकतच होत्या. "सुटलो! पैज नाही म्हणजे दुरुस्ती नाही. सोमवारी भंगारवाल्याला फोन कर."

"हो," काका म्हणाले.

सोमवारी काका फोन हातात धरून बसले. "जुन्या गाडीला कर कमी पडतो म्हणे."

"किती कमी?"

काकांनी सांगितलं. काकू नुसत्या हसल्या.

"नवी घेतली तर विमा वाढेल."

"नवी कोण घेतंय? बस आहे."

"बसमध्ये तुला मळमळतं."

"कधी? १९८८ साली! तेव्हा पोटात आपली लेक उटे होती!"

काकांची कारणं संपली. कान लाल झाले.

"इर्मट्राउट, मला ती आवडते."

"कोण?" काकू सावध झाल्या.

"गाडी."

"आवडते म्हणजे? उपयोगी पडते?"

"नाही. नुसतीच आवडते."

त्या घरात नुसतं आवडतं म्हणून आजवर काहीही आलं नव्हतं आणि काहीही राहिलं नव्हतं. पडदे सवलतीत मिळाले होते, सोफा बहिणीकडून आला होता. काकू खुर्ची ओढून बसल्या.

"मग दोन आठवडे माझ्यापुढे आकडे कशाला नाचवलेस, मेल्या? हेच म्हणायचं होतंस!"

"लाज वाटली."

"लाव फोन त्या नेगेलेबाईला. आणि सांग, माझ्या बाजूची काच खाली यायला हवी. सात वर्षं बरणीतल्या काकडीसारखी बसलेय. इतका छान वारा असतो, आणि मी…"

"तू काय?"

"काही नाही. फोन लाव म्हटलं ना!"