बारीक झालेली अक्षरं

“ऐका हो, मेल आलीय,” असं म्हणून मामा शर्टाच्या टोकानं चष्मा पुसायला लागले की आमच्या गंगाखेडच्या ऑफिसात सगळ्यांचे हात थांबायचे. पाण्याचे पंप आणि पाइप विकणाऱ्या कंपनीची ही छोटीशी शाखा. सगळ्या शाखेला मेलचा पत्ता एकच, आणि आलेली मेल उघडायचा मान आमच्या सगळ्यांत जुन्या कारकुनाचा, म्हणजे मामांचा. मी हिशेबाच्या टेबलावर, ते माझ्यासमोर. त्यामुळे बरंवाईट काय ते मला आधी त्यांच्या तोंडावरच कळायचं.

मेल इंग्रजीत असायची, मामा ती आपल्या मराठीत सांगायचे. हेड ऑफिसनं पानभर झाडलं असलं तरी म्हणायचे, “सायेब तापलेत, पण लय न्हाई. दुपारपर्यंत माल पाठवा म्हणायलेत.” ज्याच्या कामाची मेल, त्यानं तोंडानं “ऐकलं” म्हटल्याशिवाय पुढची वाचायची नाही, हा त्यांचा नेम. एकदा आमचे मॅनेजर फोनवर बोलता बोलता नुसती मान हलवून मोकळे झाले. मामा थांबले ते थांबलेच. शेवटी साहेब वैतागून ओरडले, “ऐकलं बाबा, ऐकलं!” तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली. हसू नका. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, आणि नसेल तर तुमचं नशीब फुटकं.

मामांचं गाव देवगाव फाट्याजवळ. आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. बायको तिचं सगळं करायची, पण म्हातारी पोटभर जेवायची ती लेकाच्याच हातानं. एरवी दोन घास घ्यायची नि तोंड फिरवायची. मामा इथं खोली करून राहायचे आणि शनिवार आला की पळायचे. सेलूच्या शाखेत बदली मिळाली तर रोज घरून जाणं-येणं जमणार होतं. त्यांनी तसा अर्ज केला होता. “ताई, सेलू मिळालं की सकाळ-संध्याकाळ मायला मीच भरवतो बघा,” म्हणायचे. त्या माणसाचं दुसरं काही मागणंच नव्हतं.

अशात हेड ऑफिसचा माणूस आला आणि शाखेची ती एकच मेल सगळ्यांच्या मोबाइलला जोडून गेला. जाताना समजावलं, “न वाचलेली मेल जाड अक्षरांत दिसेल. कुणीही एकानं उघडली की सगळ्यांच्या फोनवर ती बारीक होईल.”

“म्हंजे जाड ते राहिलेलं, बारीक ते झालेलं,” मामा म्हणाले. आम्ही सगळ्यांनीच ते डोक्यात धरलं. “मामा, आता तुम्हाला सुट्टी!” कुणीतरी चेष्टा केली. मामा हसले खरे, पण पुसायला काढलेला चष्मा तसाच खिशात टाकला.

सुरुवातीला जो मेल उघडेल तो ज्याची त्याला सांगायचा. मग रब्बीची गर्दी उसळली. एक जण राणीसावरगावला पंप बसवायला, दुसरा ताडकळसला. सांगायला सवड कुणाला? “वाचली असेल की त्यानं,” असं म्हणून आम्ही पुढं जायचो.

त्याच दिवसांत सेलूची मेल आली. जागा तुम्हाला देतोय, शुक्रवारपर्यंत होकार कळवा, असं मामांच्या नावानं. आमच्यातल्याच कुणीतरी ती उघडली, मामांची दिसतेय म्हणून सोडून दिली, आणि अक्षरं बारीक झाली. मामांच्या लेखी बारीक म्हणजे झालेलं काम. त्यांनी ती पाहिलीच नाही.

सोमवारी त्यांनीच सहज सेलूला फोन लावला, तेव्हा कळलं, जागा दुसऱ्याला गेली. “तुमचा होकारच आला न्हाई की,” तिकडून सांगितलं. मामा बोटानं मोबाइल वर सरकवत राहिले, मेल सापडली तेव्हा मोबाइल मॅनेजर साहेबांपुढं ठेवला. मॅनेजर साहेबांनी टेबलावर हात आपटला, “कोणी उघडली ही? आत्ताच्या आत्ता सांगा!”

मामाच मध्ये पडले. “जाऊ द्या सायेब. कुणी मुद्दाम केलं न्हाई. नाव कळलं तर उद्या त्याच्यासंगं चहा कसा प्यायचा?”

असला कसला हो हा माणूस! मला तर अजून चीड येते. जन्मभर त्यांनी आमचा निरोप आम्हाला पोचवला, आणि त्यांचा एक निरोप पोचवायला शाखेतलं एक माणूस जागचं हललं नाही.

थंडी सरता सरता म्हातारी गेली. बुधवार होता. जास्त झाल्याचा फोन आला तसे मामा ऑफिसातून निघाले, पण फाट्यावर उतरेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ते अजून सुतकात गावीच होते आणि हेड ऑफिसची मेल आली. सेलूला गेलेल्या माणसानं नोकरी सोडली होती. मामांना ती जागा अजून हवी आहे का, असं विचारलं होतं. या खेपेला कुणी कुणावर सोडलं नाही. मॅनेजर साहेबांनी फोन केला, पंप बसवायला गेलेल्यांनी शेतातून केला, सगळ्यांनी केला. माझा सगळ्यांत शेवटी लागला.

“व्हय ताई, कळलं,” मामा म्हणाले. “सगळ्यांचे फोन आले. लय बरं वाटलं.”

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “ताट वाढलंय, जेवून घ्या.” “आलो,” म्हणाले, आणि मग मला म्हणाले,

“सायेबाला न्हाई म्हणून कळवा ताई. आता मला सेलू काय न् गंगाखेड काय.”