लिंबाला शिवून या

सातवी ब सांभाळू शकेल असं माणूस अजून जन्माला यायचं आहे, असं मी शपथेवर सांगत असे. मग लोणंदजवळच्या आमच्या शाळेत या बाई आल्या. माहेर शिराळ्याचं. तिथली जिवंत नागांची नागपंचमी पाहत वाढलेल्या बाईंना आमची कार्टी काय घाबरवणार! छडी नाही, ओरडणं नाही. कायदा एकच: ज्याला राग येईल त्यानं हात वर करायचा, मैदानाच्या टोकाच्या कडुलिंबाला शिवायचं आणि परत येऊन बसायचं. कारण सांगायचं नाही. पहिल्या आठवड्यात नुसती जत्रा! अर्धा वर्ग लिंबाखाली आणि शेजारी सातवी अला शिकवताना मी दातओठ खात बसलेला.

कायदा बाईंनाही लागू होता. एकदा तपासणीला साहेब आले, तर वर्ग चिडीचूप आणि खुर्ची रिकामी. "बाईंना राग आलाय सायेब," एक पोरगं उठून म्हणालं, "लिंबाला शिवाया गेल्यात. येतील आत्ता." साहेबांनी खिडकीतून पाहिलं, तर बाई पदर खोचून तरातरा परत येत होत्या. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला.

मग ते कंपासपेटीचं प्रकरण झालं. माणदेशातून मेंढरं घेऊन आलेल्या घरातली एक मुलगी वर्गात होती. "तुझ्या अंगाला मेंढराचा वास येतो," असं एक मुलगा म्हणाला आणि लिंब-बिंब विसरून तिनं कंपासपेटी त्याच्या कपाळात घातली. टाके पडले. मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला लिहून तयार ठेवला आणि तिच्या वडिलांना बोलावलं. दाखला हातात पडला की पोर मेंढरांमागं जाणार आणि शिक्षण संपणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. पोरीला घेऊन बाई आणि मी ऑफिसात उभे होतो; वडील आले ते काही न विचारता हात उगारूनच. पोरीनं आपला हात वर केला, मला वाटलं मार चुकवायला, आणि दारातून धूम ठोकली.

"पळाली बगा! लय आगाव हाय. द्या सायेब तो दाखला."

"आवं, थांबा," बाई म्हणाल्या. "पळाली न्हाई ती. राग आलाय तिला. येईल परत."

"आन न्हाई आली तर?"

"तर खुशाल न्या दाखला."

मी मनात म्हटलं, झालं, बाईंनीच घालवली पोरगी. बाई दाराकडे डोळे लावून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं ती धापा टाकत दारात आली, वडिलांपासून हातभर लांब उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, अजून एक फेरी लागंल."

"जा," बाई म्हणाल्या.

वडिलांचा हात कधीच खाली आला होता. मुख्याध्यापकांनी दाखला फाडून टाकला, तरी वडील जागचे हलेनात. "तेवढी येऊ द्या," ते हळूच म्हणाले, "मग जातो."

नंतर मी बाईंना म्हटलं, "कमाल आहे तुमची! एवढी खात्री?"

"कसली खात्री हो सर!" म्हणाल्या आणि डोळे पुसत हसल्या.

ती मुलगी आता आठवीत आहे. बाईंची जूनमध्ये माहेरच्या तालुक्यात बदली झाली आणि मला खरंच करमत नाही. इतकी वर्षं मास्तरकी केली, शाळा सोडून गेलेल्या किती पोरांची नावं या हातानं हजेरीतून खोडली. त्यातल्या एकाचीही मी अशी दाराकडे डोळे लावून वाट पाहिली नाही.