खमिराचे देवक

माझ्या मुलीच्या केसांना लग्नाआधीची काही वर्षे पावाचा वास येत असे. मोगऱ्याचा गजरा माळला तरी त्याच्या खालून तो कोमट, किंचित आंबूस वास डोके वर काढी. ती प्रयोगशाळेत खमीर वाढवते, ज्याने पाव फुगतो तेच, आणि त्याच्या पेशीतल्या एका बारीकशा प्रथिनाचा अभ्यास करते. शेजारणींची समजूत अशी की शिकलेली पोर बेकरीत लागली. त्या बिचाऱ्या मला धीर देत.

कशेळीहून मागणी आली तेव्हा तिने एकच अट घातली: लग्नानंतर हे काम सुटणार नाही. मुलाला अट मान्य होती, आणि तो तिला मान्य होता, हे तिने न सांगताही तिच्या कानांच्या पाळ्या सांगत होत्या. परंतु त्या घरात होकार चाले तो आत्याबाईंचा, मुलाच्या वडिलांच्या थोरल्या बहिणीचा. त्यांचा निरोप आला, "पोरगी काय काम करतंय त्ये आमाला समजंल असं सांगा, मंग बगू."

समजेल असे सांगणे माझ्या वाट्याला आले, कारण कविता शिकवण्यात माझा जन्म गेला.

"जीटीपीला धरून ठेवणारी लघुप्रथिनं," मुलगी म्हणाली. "सगळ्या दृश्यकेंद्रकी जिवांत कॉन्झर्व्ह्ड आहेत."

'दृश्यकेंद्रकी' हा शब्द मला इतका भावला की मी तो दिवसभर जिभेवर घोळवला. अर्थ विचारायला संध्याकाळ झाली. ज्यांच्या पेशीत केंद्रक दिसते ते सारे: वड, कोलंबी, खमीर, आम्ही. घोडे अडले ते 'कॉन्झर्व्ह्ड'पाशी. 'संवर्धित' म्हटले की वनखात्याची पाटी दिसे, 'जतन केलेले' म्हटले की लोणचे, 'टिकाऊ' म्हटले की चपला.

"आई, खमिराचं स्वतःचं प्रथिन काढून टाकलं आणि माणसाचं घातलं, तरी खमीर जगतं. कोट्यवधी वर्षांत ते इतकं कमी बदललंय."

तेव्हा मला देवक सुचले. कुळाचे ते झाड, ते पान, जे पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही आणि लग्नात आधी पूजले जाते. साऱ्या सजीवांचे एकच देवक! मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. एक देवक असलेल्यांत सोयरीक होत नाही, ही क्षुल्लक बाब त्या भरात माझ्या नजरेआड झाली.

रविवारी मंडळी आली. नारपोलीतल्या आमच्या भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालतात. त्यांची बारीक लहर बशीतल्या चहावर सदैव उमटलेली असते, आणि या घरात सारे काही ओरडून बोलले जाते, लाडसुद्धा. मुलगीही मी पढवलेले ओरडूनच सांगत होती. "खमीर असो, कोलंबी असो, नाहीतर माणूस असो," इथवरचे सारे लूमनी गिळले. मग लाइट गेली. लूम थांबले. त्या अचानक ओतल्या गेलेल्या शांततेत उरलेले वाक्य एकटेच, खणखणीत उभे राहिले:

"तुमचं नि आमचं देवक एकच!"

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. "येकच?" त्या भावाकडे वळल्या. "उठ रं. भावा-भैनीचं लगीन लावतोस काय?"

मुलाचा चेहरा कोऱ्या कापडासारखा पांढरा पडला. मुलीने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेला मी अद्याप विशेषण शोधते आहे.

"बसा हो, आत्याबाई," मी हात जोडले. "ती नुसती उपमा होती."

"उपमा कवा केलात? पुड्यात तं पोहं हायत."

"आमचं देवक उंबर," मी घाईने म्हणाले.

"आमचं कलंब. मंग येकच कसं?"

आता मुलगी माझ्या अलंकारांना बाजूला सारून स्वतः पुढे सरसावली. चहाबरोबर ठेवलेल्या ताटलीतला पाव तिने मधोमध फोडला आणि त्याची जाळी आत्याबाईंसमोर धरली. "हा ज्या जिवानं फुगवला ना, त्याच्या पोटात एक बारकं बटण असतं. सुरू हो, थांब, एवढंच सांगतं. तुमच्या अंगातही जवळजवळ तसंच आहे."

"कोलंबीच्या?"

"तिच्याही."

"न् आमच्या ह्यांच्या?"

"त्यांच्याही."

"न्हाय गो," आत्याबाई ठामपणे म्हणाल्या. "त्यांचं थांबायचं बटन बिगडलंय. बोलाय लागलं की थांबत न्हाईत."

भाऊ प्रथमच हसला. मुलाच्या गालांवर रक्त परतले.

"आणि खरोखरच बिघडलं तर?" मुलगी हळू आवाजात म्हणाली; लूम बंद असल्याने तिला ते शक्य होते. "पेशी वाढतच सुटते. कर्करोगात कित्येकदा हेच बटण अडकलेलं असतं. ते का अडकतं हे माणसात शोधणं अवघड, म्हणून मी खमिरात शोधते."

आत्याबाईंनी तिच्या हातातला अर्धा पाव घेतला. मग त्याचा तुकडा त्यांनी थंड झालेल्या चहात बुडवला. "रोज जावं लागतंय?"

"रोज. खमिराला वेळेवर खायला घालावं लागतं."

"हलदीच्या दिशी पन?"

मुलीने मुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि खरे तेच सांगितले. "त्या दिवशीही. सकाळी तासभर."

भाऊ काही बोलू पाहत होता. आत्याबाईंनी त्याला हातानेच गप्प केले.

"जा," त्या म्हणाल्या. "लगीनघरात कुनी उपाशी ऱ्हाऊ नये. पन धाच्या आत ये गो. आमच्या बायका हलद लावाय बसल्या की समोर कोन हाय ते बगत न्हाईत. तू न्हाय गावलीस तं तुज्या आईला लावतील."