पेशीवाल्या ताई

पेशीवाल्या ताई जेवणाची वेळ रोज चुकवायच्या, पण पेशींची कधीच नाही. इंदिरानगरात त्यांच्या घरी मी पोळ्या करायला जायचे. पोळी तव्यावर असतानाच त्या पायात चपला सरकवायच्या. त्यांची आई ओरडायची, "अगं, खाऊन तरी जा!" ताई म्हणायच्या, "तिकडची लेकरं उपाशी आहेत." लेकरं म्हणजे प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी.

मी चौथी शिकलेली, काही विचारायचं तर लाज वाटते. ताई न विचारताच सांगायच्या. "मावशी, पेशीत एक प्रथिन असतं. त्याला चरबीचा बारीकसा तुकडा चिकटला की ते आपल्या जोडीदाराला धरून ठेवतं. मग दोघं मिळून वाढीची जनुकं चालू करतात आणि पेशी वाढत सुटते. ती चरबी चिकटूच दिली नाही तर?"

"वाढ थांबेल?" मी हळूच म्हटलं.

"तेच तर बघायचंय!" म्हणत त्यांनी माझ्या पिठाच्या हातावर टाळी दिली.

तसं औषध त्यांनी पेशींना घातलं आणि निकाल बघायचा दिवस नेमका त्यांच्या साखरपुड्याचा आला. मनमाडहून पाहुणे आले, गुरुजी बसले, आणि ताई स्कूटीवरून पसार. होणाऱ्या सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. "मुलीच्या मनात नसेल तर सरळ सांगा, आम्ही निघतो." मी पुऱ्यांचा झारा घेऊन तशीच बाहेर आले.

"मनात आहे हो त्यांच्या. पेशी वाढल्या की थांबल्या, एवढंच बघायला गेल्यात. वेळ चुकली तर सगळं पुन्हा करावं लागतं."

होणारे सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. ते मोठ्याने हसले. "म्हणजे ड्यूटीवर गेली! बस गं खाली. मी हळदीच्या अंगाने ड्यूटीला गेलो होतो, विसरलीस?"

तेवढ्यात ताई आल्या, नव्या साडीचा पदर कमरेला खोचलेला. दारातूनच ओरडल्या, "थांबल्या! वाढायच्या थांबल्या!"

सासूबाईंनी त्यांना ओढून पाटावर बसवलं. "आता तूही थांब जरा."

लग्नानंतर ताई पुण्याला गेल्या आणि माझ्या पोळ्या निवांत फुगू लागल्या. परवा त्यांचा फोन आला. सासूबाई हट्टाने त्यांच्याबरोबर तिथल्या प्रयोगशाळेत गेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहिल्या, "किती गोड गं!" म्हणाल्या आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

ताईंना हसू आवरत नव्हतं. "मी म्हटलं, अहो आई, यांची दृष्ट कसली काढता? यांना लागू दे की!"