पंख्याखालचा पलंग

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात रात्रपाळी करून आले की माझी रात्र सकाळी नऊला पडायची. कंपनीची बस सातला हॉस्टेलच्या फाटकाशी सोडायची. इडली आणि आंघोळ उरकून आमच्या खोलीतल्या चौघीजणी भर उन्हात पडदे ओढून आडव्या व्हायच्या.

मी नमाजाआधी करतात तशी हात-तोंड-पाय धुऊन वजू करायची, चादर तीनदा झटकायची आणि पलंगावर बसून ओंजळ तोंडाशी धरायची. कुराणातली आयतुल कुर्सी, मग शेवटचे तीन छोटे कुल पुटपुटायचे, ओंजळीत फुंकर मारायची आणि ते हात डोक्यापासून खाली, जिथवर पोचतील तिथवर अंगावरून फिरवायचे. असं तीनदा. झोपलेल्या माणसाला स्वतःची राखण करता येत नाही, म्हणून ती अल्लाहवर सोपवायची. त्यात गूढ असं काही नाही.

शेवटी बाकीच्या तीन पलंगांकडे वळून एकेक फुंकर. हे मात्र कुठल्या किताबातलं नाही, हे आईचं. कोल्हापूरकडच्या आमच्या घरात ती आम्हा पाच भावंडांवर फुंकर मारायची, मग मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांवर, मग दाराशी बांधलेल्या शेळीवर. चुलत्याशी तिचं वर्षभर बोलणं नव्हतं. तो मुक्कामाला आला तेव्हा तिने त्याला जेवायला वाढलं ते तोंड फिरवून, पण रात्री फुंकर त्याच्याही वाट्याला आली. एका छपराखाली झोपलेल्यांत निवड करायची नाही, असं तिचं म्हणणं. ती गेली त्याच वर्षी मी चेन्नईला आले. तिचं माझ्याजवळ एवढंच उरलं होतं आणि ते मी सोडणार नव्हते.

खोलीतल्या दोन तमिळ मुलींना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या आज्या मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढायच्या, त्यातलाच हा प्रकार असं समजून त्या घोरायला लागायच्या. तक्रार केली ती सांगलीच्या मुलीने. अख्ख्या मजल्यावर माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटी. एका सकाळी तिचा डोळा लागला नव्हता, आणि मी तिच्याकडे तोंड करून फुंकताना तिने पाहिलं. नेमकं त्याच आठवड्यात तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मी करणी करते, असं तिने वॉर्डनला जाऊन सांगितलं.

वॉर्डनने दोघींना बोलावलं. तिचं म्हणणं सरळ होतं: पुन्हा तक्रार आली तर माझा पलंग दुसऱ्या मुलीला. पलंग गेला की बस गेली, आणि बस गेली की नोकरी. एवढं कळत होतं, तरी डोकं तापलं होतं.

"तुझ्यापुरतं काय ते कर," सांगलीची म्हणाली. "माझ्या अंगावर फुंकायचं नाही."

"माझ्यापुरतं मला येत नाही," मी म्हणाले.

वॉर्डनने डोळे वटारले तेव्हा कुठे मी शब्द दिला की तिच्या पलंगाकडे तोंड करून फुंकणार नाही. तेवढाच दिला. दुआच बंद करायचा शब्द वॉर्डनने मागितला, तो दिला नाही. हवं तर आत्ता पेटी भरते म्हणाले. रात्रपाळीला सहज मुली मिळत नाहीत हे तिलाही ठाऊक होतं.

त्या सकाळी मी तो एक पलंग वगळला आणि मला झोप लागली नाही. आईने तोंड फिरवून का होईना, चुलत्याला वाढलं होतं. मी तेवढंही करत नव्हते. दुपारपर्यंत छताकडे बघत पडले. छताला पंखा होता.

दुसऱ्या दिवशी मी एका तमिळ मुलीशी पलंग बदलून घेतला. पंख्याच्या बरोबर खालचा पलंग कुणालाच नको असायचा, कारण तो पंखा खडखडायचा. सांगलीच्या मुलीपासून मी लांब गेले म्हणून वॉर्डनही खूश झाली.

मी चादर झटकली, ओंजळ तोंडाशी धरली, म्हणायचं ते म्हटलं आणि माझ्याच ओंजळीत फुंकर मारली. कुणाच्याही पलंगाकडे वळले नाही. तेवढ्यात कोपऱ्यातून, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सांगलीच्या मुलीचा आवाज आला.

"पंखा वाढव गं जरा. जीव चाललाय उकाड्याने."

मी उठून पंखा पाचावर केला. मग त्याच्याखाली बसले, पुन्हा ओंजळीत फुंकर मारली आणि ओंजळ वर पंख्याकडे उघडली.