यादीतली खोडलेली ओळ

कागद कापायच्या त्या कारखान्यात सगळे तिला गाठोडेवाली म्हणत. यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर छोट्या तुकड्यांत असायचं: एक तुकडा पातं हलवणारा, एक कागद सरकवणारा, एक धोका ओळखणारा. प्रत्येक तुकड्याचं गाठोडं बांधून ते यंत्रावर चढवायचं, हे तिचं काम. सोबत ती यादी जोडायची, की याला चालायला दुसरी कोणती गाठोडी लागतात आणि कोणत्या आवृत्तीची. यादीतलं एक जरी कमी असलं, तरी गाठोडं यंत्रावर नुसतं पडून राही, सुरू होत नसे. हा स्वभाव तिच्या हाडीमाशी खिळला होता. लग्न ठरताना तिने मुलाला विचारलं होतं, "तुमच्यासोबत आणखी कोण कोण येणार?"

"आई, एक बहीण आणि बहिणीचा कुत्रा."

कुत्र्याचं वय विचारून मगच तिने होकार दिला होता.

त्या दुपारी कारखान्याचे साहेब तिच्या टेबलापाशी आले ते तापूनच. पात्याचा वेग वाढवणारं नवं गाठोडं तीन नंबरच्या यंत्रावर सुरू होत नव्हतं.

"त्याला पडद्याच्या गाठोड्याची नवी आवृत्ती हवी," ती म्हणाली. पडदा म्हणजे पात्यासमोरचे प्रकाशाचे किरण. त्यात हात शिरला की पातं जागीच थांबायचं. "जुन्या पडद्याचा इशारा नव्या पात्याला कळत नाही. आणि नवा पडदा अजून दोन चाचण्यांत नापास होतोय. परवापर्यंत थांबा."

"यादीतली ती ओळ खोड."

"नाही खोडणार, साहेब. कुणाचा तरी हात जाईल."

साहेबांनी तिच्या कानशिलात लगावली. चष्मा टेबलाखाली गेला. ती उठायला गेली, तर त्यांनी खांद्याला धरून तिला भिंतीवर आपटलं आणि तिच्याच खुर्चीत बसून ओळ खोडून गाठोडं सुरू केलं. खोलीत नऊ माणसं होती. नऊच्या नऊ माना खाली.

तोंडातलं रक्त गिळत ती यंत्रांकडे धावली. "तीन नंबर बंद करा! मामा, हात काढा!"

तीन नंबरवरच्या कामगाराला सगळे मामा म्हणत. अडकलेला कागद ओढायला त्यांनी पडद्याच्या भरवशावर, रोजच्या सवयीने हात आत घातला होता. हाक ऐकून त्यांनी मान वळवली, तिचं रक्ताळलेलं तोंड पाहिलं, आणि पातं खाली आलं. कागद कापताना होतो तेवढाच आवाज झाला. हात कोपरापासून तुटून पलीकडे पडला. मामा कोपरापुढच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. तिने लाल बटण दाबलं आणि कमरेचा पट्टा काढून त्यांचा दंड आवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवऱ्यासोबत मामांना बघायला दवाखान्यात गेली. फाटकात मामांचा धाकटा भाऊ लोखंडी पाइप घेऊन उभा होता. साहेबांनी त्याचे कान आधीच भरले होते.

"गाठोड्यावर नाव तुझं होतं!" म्हणत त्याने पाइप फिरवला. पहिल्या घावात तिचं कोपर फुटलं, दुसऱ्यात जबडा. तिसरा घाव नवऱ्याने पाठीवर झेलला आणि मग दगड उचलून भावाच्या तोंडावर हाणला, पुन्हा हाणला, दात जमिनीवर सांडेपर्यंत. तिला ओरडून थांबवायचं होतं, पण जबडा हलत नव्हता. शेवटी चौघा वॉर्डबॉयनी नवऱ्याला ओढून बाजूला केलं.

चौकशीत सगळं तिच्यावरच उलटत होतं. ओळ तिच्या संगणकावरून, तिच्याच नावाने खोडलेली. साहेब हात झटकून मोकळे झाले. तेव्हा मामा उठून उभे राहिले.

"पातं पडायच्या आधी ही पोरगी बोंबलत आली होती," ते म्हणाले. "तोंड रक्ताने माखलेलं. स्वतः खोडलं असतं, तर धावत कशाला आली असती? आणि तिला मारलं कोणी, ते आधी विचारा."

खाली गेलेल्या नऊ मानांपैकी चार वर आल्या. साहेब तुरुंगात गेले. भावाला आठ महिने झाले, नवऱ्याला तीन.

सुटल्यावर भाऊ एका रविवारी तिच्या दारात आला. तिने साखळी न काढता फटीतून पाहिलं.

"वहिनी, चुकलो. माफ करा."

"मामांचा हात कसा आहे?"

"जखम भरली. दादा डाव्या हाताने लिहायला शिकतोय."

"त्यांना सांगा, मी भेटायला येईन," ती म्हणाली. "तुम्ही त्या वेळी घरात असू नका." आणि न वळणाऱ्या उजव्या हाताने ढकलत तिने दार लावून घेतलं.