सुमे, पीठ दे!

काकूंचा आवाज असा की तव्यावरची भाकरी दचकून फुगावी. खामगावात कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मागे बायकांचं आधारगृह आहे. घर सोडून, बहुतेकदा घरातून जीव वाचवून आलेल्या बायका तिथे राहतात. मी रविवारी तिथे स्वयंपाकाला हातभार लावायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी फाटकातून शिरते न शिरते तोच आतून गर्जना आली, "सुमे, पीठ दे!" एक बाई परात घेऊन धावली. जरा वेळानं, "सुमे, पाणी!" आता दुसरीच धावली. मी चक्रावले. एकीला कोपऱ्यात गाठून विचारलं, "यातली सुमी कोणती हो?"

"आज मी हाये," ती शांतपणे म्हणाली. "काल ती होती."

मला नाटकाची भारी हौस. महिला मंडळाच्या नाटकांत मी राजा, प्रधान आणि पडदा ओढणारा गडी अशा तिन्ही भूमिका गाजवल्या आहेत. ही संधी मी सोडते काय? पुढच्या हाकेला मीच उडी मारली, "आले, आई!" काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू? एवढी जाड सुमी?" सगळ्या खदखदून हसल्या. ते हसू ओसरायच्या आत काकू म्हणाल्या, "तुया वयाची झालीच नाही ती." आणि त्यांनी भाकरी उलटली.

काकू मलकापूरकडच्या शेतकरी घरातल्या. नवरा गेलेला, शेती मुलाच्या हाती. त्या इथे भाचीकडे राहत आणि सकाळी आधारगृहात फुकट स्वयंपाक करत. सुमी ही त्यांची एकुलती एक लेक, फार वर्षांपूर्वी सासरी गेली आणि तिथेच संपली, एवढंच सर्वांना ठाऊक होतं. बाकीचं कुणी विचारत नसे. हाकेला मात्र कुणीतरी ओ द्यायचीच. कधी कधी प्रत्येकीला वाटे की दुसरी उठेल, आणि कुणीच उठत नसे. मग काकू तोंड शेगडीकडे ठेवून, हात मागे पसरून तशाच थांबत. वळून पाहत नसत. वळल्या असत्या तर मागे सुमी नाही हे दिसलं असतं. शेवटी कुणीतरी धावत येऊन त्या पसरलेल्या हातात काहीतरी ठेवी.

बाकी जीभ म्हणाल तर वऱ्हाडी मिरची. माझी पहिली भाकरी त्यांनी उजेडात धरून सगळ्यांना दाखवली. "हा पाहा बुलडाणा जिल्हा! खामगाव कच्चं राह्यलं, अन् दुसरबीड जळून गेलं." नवी बाई आली की पहिली गरम भाकरी तिला, तीही पाटावर बसवून. बाई बिचारी उठायला बघे. सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं खायची सवय. काकू तिचा खांदा दाबून बसवत. कार्यालयातून कुणी माहिती विचारायला आलं तर लाटणं रोखून म्हणत, "आधी जेवू द्या तिले. उपाशी मानूस खरं बोलत नाही, समोरच्याले पाहिजे ते बोलते."

अशीच वंदना आली. जेमतेम विशीची. डावा हात खांद्याच्या वर जात नसे, त्यामुळे वरच्या फळीवरचे डबे आम्ही काढून देत असू. ती शेगडीजवळून हलायचीच नाही. बघता बघता रोजची सुमी तीच झाली. काकू हाक मारायच्या आतच पीठ हजर.

मग एका सकाळी तिचा नवरा आणि त्याचा काका जीप घेऊन आले. कार्यालयात बोलणं झालं. नवऱ्यानं कान धरले, काकानं शब्द दिला. आधारगृह चालवणाऱ्या बाईंनी वंदनेला तीनतीनदा विचारलं, "तुझी मर्जी आहे ना?" ती "हो" म्हणाली. पिशवी भरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"काकू, मले मायसारखी शिदोरी बांधून द्या. दशम्या द्या."

काकूंनी शेगडी बंद केली. त्या खोलीत शेगडी बंद झालेली मी प्रथमच ऐकली.

"सुमीनंबी मागितल्या होत्या," त्या म्हणाल्या. "राखीले आली होती. मी जात नाही म्हने. आमी सारे म्हनलो, नांदून घे पोरी. मंग चूप झाली. जातानी म्हने, आई, दशम्या दे. पोर शिदोरी मागते ना, तवा तिले दशम्या नसते पाहिजे वं. माय थांब म्हनते का, ते पाहून राह्यली असते. मले नाही समजलं. म्या दशम्या मऊ राहाव्या म्हनून दूध जास्त घातलं."

काकूंनी तवा खाली उतरवला.

"पोळ्याच्या आत निरोप आला. विहिरीतून काढली म्हने." त्यांनी पदरानं हात पुसले. "तुले मी शिदोरी देत नाही, वंदना. थांब."

वंदनेची पिशवी हातातच होती. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. काकाचा आवाज आला, "चाल ना वं पोरी, काऊन टाइम लावून राह्यली?" तिनं काकूंकडे पाहिलं, पिशवी भिंतीला टेकवली आणि मटकन खाली बसली. मग आईच्या दारात रडावं तशी हुंदके देऊन रडली. बाईंनी बाहेर जाऊन सांगितलं, ती येत नाही. बराच आरडाओरडा झाला. पोलिसांचं नाव निघाल्यावर तो थांबला. जीप सुरू झाली.

काकू लगबगीनं फाटकापाशी गेल्या. मला वाटलं, आता शिव्यांची अस्सल वऱ्हाडी लाखोली ऐकायला मिळणार, म्हणून मीही मागोमाग पळाले. पण काकू गज धरून गप्प उभ्या होत्या. मागची सीट रिकामी असलेली ती जीप वळणाकडे चालली होती, आणि काकू तिच्याकडे पाहत हात हलवत होत्या. लेक सासरी निघाली की आई हलवते, तसा.

"काकू," मी हळूच म्हणाले, "वंदना आत आहे."

"ठाव हाये मले," त्या म्हणाल्या. हात खाली आला नाही. "मी तिले नाही हात करून राह्यली."